दुखवट्याच्या चांदण्या

"उजेडाला बाहेर पडायला जागा ठेव, अव्वा."

अण्णा मला अव्वा, म्हणजे बाई, म्हणायचे; कागदकाम शिकवताना त्यांनी ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. पुढं ते इतक्या वेळा ऐकलं की कागद हातात घेतला की आजही कानात वाजतं. कागद कुठलाही असो, पतंगी असो की जाड क्राफ्टचा, अण्णा घडी घालून ती अंगठ्याच्या नखानं दाबायचे, दाभणानं तिला टोचे मारायचे, मग कागद दुकानातल्या पिवळ्या बल्बसमोर धरून एक डोळा मिटायचे. भोकांतून आलेला उजेड त्यांच्या गालावर ठिपक्याठिपक्यांनी पडायचा. अंगावर देवी येऊन गेलेल्या माणसासारखा तो चेहरा दिसायचा. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

उमरग्यात हायवे सोडून आत वळलं की ट्रकांचा आवाज मागं राहतो आणि आमची गल्ली लागते. तिथं अण्णांचं दुकान होतं. खाली दुकान, मागं घर. राखीपौर्णिमेला राख्या, गणपतीत पुठ्ठ्याची मखरं, दिवाळीला आकाशकंदील आणि डिसेंबरात नाताळ. समोरच्या माडीवर मी भाड्यानं राहायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए., बी.एड. झाले, उमरग्याच्या इंग्रजी शाळेत लागले, तेव्हा आमच्या आईनं गावाकडं, जळकोटात, घरोघर जाऊन सांगितलं होतं, "आमची पोरगी इंग्लिश शाळेत शिकवायलीय." शाळेनं मात्र पहिल्याच वर्षी माझ्या गळ्यात नाताळचा कार्यक्रम घातला. नाताळ म्हणजे सुट्टी, एवढंच मला ठाऊक. झाड सजवा, टोप्या करा, प्रत्येक पोराच्या हातात खाऊची पुडी द्या, म्हणे. मी गेले अण्णांकडं.

"तुला काय काय पायजे ते बोल. आपल्याकडं समदं हाय," ते म्हणाले.

खरंच होतं. चित्रातल्या नाताळच्या झाडाला खवल्याखवल्यांची लाकडी फळं टांगलेली असतात. ती इकडं कुठून येणार? अण्णांनी करडईची वाळलेली बोंडं गोणपाटात रगडून त्यांचे काटे मोडले होते आणि ती चंदेरी रंगात बुडवली होती. झाडाला लावल्यावर शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "हे ऑनलाइन मागवलं का?" चहाचे कागदी कप उपडे करून, वर चमकी शिंपडून, आत मणी लोंबकळत सोडून घंटा केलेल्या. आइस्क्रीमच्या काड्यांचे देवदूत. देवदूतांच्या डोक्याला अण्णांच्या बायकोच्या, काकूंच्या, शिवणातला काळा दोरा. खाऊच्या पुड्या म्हणजे रंगीत कागदाचे कोन, आत लिमलेटच्या गोळ्या, एक चिक्की, वर लोकरीची गाठ. त्या पुड्यासुद्धा अण्णा बल्बसमोर धरून बघायचे. मी म्हणाले, "अण्णा, पुडीत कुठं दिवा लावायचाय?"

"न्हाई लावायचा. पण उजेड आत कोंडला की कागद उदास दिसतंय."

काकू आतून ओरडायच्या, "ह्यांच्या हाताला खळ अन् डोक्यात बी खळ!"

एक भानगड व्हायची ती टोप्यांची. सोनेरी कागदाचे मुकुट होते ते, पोरांनी डोक्यावर घालायचे. बालवाडीच्या लेकरांच्या ते नाकापर्यंत घसरायचे आणि आठवीच्या पोरांच्या डोक्यावर वाटीसारखे बसायचे. स्टेजवर मेंढपाळ झालेली पोरं आंधळ्यागत एकमेकांवर आदळली. मी दुसऱ्या वर्षी मापं लिहूनच नेली. अण्णांनी कागद बघितलासुद्धा नाही. गल्ल्याच्या मागच्या खिळ्यावर एक सुतळी लोंबत होती, तिला दोन गाठी. ती काढून त्यांनी सोनेरी कागदावर ठेवली.

"माप हेच ऱ्हाईल."

"अहो अण्णा, कुणालाच बसत नाहीत ते!"

"जिला बसायचं तिला बसतंय," ते म्हणाले आणि कातरी चालवायला लागले.

मी आत काकूंकडं बघितलं. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

काकूंनीच मला सांगितलं, दुपारी, दुकान मिटलेलं असताना. त्यांना एकच मुलगी होती. गावातल्याच ख्रिस्ती बायांच्या शाळेत शिकायची. चौथीत असताना तिनं शाळेतून एक कागदी चांदणी करून आणली आणि बापाला म्हणाली, अण्णा, तुमच्या कंदिलापेक्षा ही सोपी हाय, आपण विकू. तेव्हापासून दुकानात नाताळ आला. पहिला मुकुट तिनं स्वतःच्या डोक्यावर सुतळी गुंडाळून मापून केला होता. पुढं कॉलेजला गेली आणि पहिल्याच वर्षी ताप आला. सोलापूरला नेली. दुकानात कंदील टांगून झाले होते, वसुबारस दोन दिवसांवर होती, आणि ती गेली.

आमच्याकडं घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. कढई चुलीवर चढत नाही, दारात कंदील लागत नाही. फराळ पावण्यारावळ्यांनी आणून द्यायचा. अण्णा लिंगायत. ते म्हणायचे, "आमच्यात खरं तर सुतक पाळत न्हाईत. पर गल्लीला डोळे हैत ना." त्या दिवाळीत अख्ख्या उमरग्याच्या दारांवर अण्णांचे कंदील होते आणि अण्णांच्या दारावर अंधार होता.

डिसेंबरात त्यांनी एक चांदणी केली. बांबूच्या कामट्या, पांढरा पतंगी कागद, सगळ्या अंगावर दाभणाचे टोचे. घराच्या बाजूच्या खिडकीत टांगली. ती खिडकी स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडं बघते. मुलगी कॉलेजहून त्याच रस्त्यानं यायची. शेजाऱ्यानं विचारलं, "अण्णा, दुखवट्यात दिवा?"

"दिवाळीला बंदी हाय. नाताळ कुठं आपला सण हाय? जो सण आपला न्हाई त्याला आपलं सुतक कसं लागंल?"

शेजारी डोकं खाजवत घरी गेला. ह्याला उत्तर मला आजपर्यंत सुचलेलं नाही, आणि मी शिकलेली आहे.

खरी गंमत पुढंच आहे, गंमत म्हणायची तर. पुढच्या वर्षी त्याच शेजाऱ्याची आई गेली. दिवाळी त्यानं अंधारात काढली आणि डिसेंबरात गुपचूप दुकानात आला. "अण्णा, ती तुमची... तसली एक द्या की." मग कुणाचा भाऊ गेला, तो आला. कुणाचं लेकरू गेलं, ती आली. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण गल्लीत रीत पडून गेली. दिवाळी हुकलेल्या घरानं नाताळात चांदणी लावायची. मी माडीवरून बघायचे. ज्या घरावर चांदणी, त्या घरात यंदा माणूस कमी. बाहेरचा कुणी आला असता तर म्हणाला असता, काय सुंदर गल्ली आहे. आम्ही खाली मान घालून त्या उजेडातून चालायचो.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी तर एकेका ओळीत किती चांदण्या लागल्या, ते मी मोजलं नाही. मोजवलं नाही. अण्णांना कामट्या कमी पडल्या. माझ्या शाळेचा कार्यक्रम बंद होता, म्हणून मी संध्याकाळी दुकानात बसून कागद चिकटवू लागायचे. घरं तीच, माणसं ओळखीची. "ही टेलरबाईची," अण्णा सांगायचे, "तिचा मालक लई बारीक हातशिलाई करायचा. हिला टोचे बारीक मार." दुसरी हातात घेऊन म्हणायचे, "हे आज्जा मोठमोठ्यानं बोलायचं. ह्याला मोठी भोकं."

त्याच वर्षी ते झालं. नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, कुठल्याशा बाहेरगावची कॅरलवाली मंडळी टेम्पोतून आली. ख्रिस्ती घरांवर चांदणी असते आणि चांदणी दिसली की दारात जाऊन गाणी म्हणायची, ही त्यांची रीत. आमची गल्ली बघून त्यांना केवढा आनंद झाला असेल! ढोलक, टाळ, पुढं लाल डगला आणि कापसाची दाढी लावलेला सांता. सरळ टेलरबाईच्या दारात जाऊन उभे राहिले आणि दणक्यात सुरू केलं. सांता गरागरा नाचू लागला.

टेलरबाई दार उघडून उभी राहिली. कुंकू नसलेलं कपाळ, हातात झाडू. तिला काही कळेना आणि त्यांनाही.

अण्णा खळीचे हात तसेच घेऊन अनवाणी पळाले. मी मागं. "ओ सांताबुवा! थांबा! थांबा की हो!"

ढोलक थांबलं. म्होरक्या म्हातारा गृहस्थ होता, डोक्यावर लोकरीची टोपी. म्हणाला, "का हो दादा? हे विश्वासी, येशूचं घर न्हाई का?"

"हे दुःखाचं घर हाय," अण्णा म्हणाले. मग हातानं गल्ली दाखवली. "ते बी. ते बी. ते पलीकडचं बी."

म्हाताऱ्यानं गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. सांतानं दाढी खाली ओढली. आत मिशीवाला, घामानं डबडबलेला बाप्या माणूस होता. "चुकलं, ताई," तो टेलरबाईला म्हणाला. "आम्हाला काय ठाव."

टेलरबाई म्हणाली, "आलेत तर म्हणू द्या की. आमच्या दारात वर्षात कुणी गाणं म्हटलं न्हाई."

मग त्यांनी म्हटलं. ढोलक खाली ठेवून, हळू. सांता भिंतीला टेकून उभा राहून म्हणत होता. पलीकडच्या घरातून बाई आली, म्हणाली आमच्यात बी या. असं करत करत ते एकेका चांदणीखाली उभे राहत गेले. अख्खी गल्ली उंबऱ्यांवर बसली होती. रडणारे रडत होते, आणि एका आजीनं तर सांताला चहा पाजला, बशीत ओतून. दाढी भिजू नये म्हणून तिनं ती स्वतःच्या हातानं बाजूला धरली. मी हसले, आणि हसताना मला हुंदका आला.

शेवटी ते अण्णांच्या खिडकीशी आले. तिथली चांदणी सगळ्यांत जुनी, कागद पिवळा पडलेला. दर वर्षी अण्णा नवी करायचे नाहीत, तीच डागडुजी करून लावायचे. म्हाताऱ्यानं घसा साफ केला.

अण्णा आडवे आले. "इथं नको."

"एक कडवं, दादा."

"नको. ती झोपलीय."

साध्या आवाजात म्हणाले. लेक खरंच अभ्यास करून झोपलेली असावी आणि बापानं पावण्यांना दटावावं तसं. कॅरलवाल्यांना वाटलं, आत कुणी आजारी आहे. ते पाय न वाजवता निघून गेले. मी मात्र तिथंच उभी राहिले. खिडकीच्या आत अंधारात काकू उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं होतं. पिवळ्या कागदातून आलेले उजेडाचे ठिपके त्यांच्या तोंडावर होते आणि त्या पापणी हलवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या माडीवर आल्या. कधी यायच्या नाहीत. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"इतकी वर्षं झाली, हे पोरगी झोपलीय म्हणत्यात. अन् मी? मी काय जागी हाय व्हय? समद्यांच्या चांदण्या एका वर्षात उतरतात. टेलरबाई पुढच्या दिवाळीला कंदील लावंल, कढई ठेवंल. माझं वर्ष कवा भरायचं, तू शिकलेली हाईस, सांग की मला."

पाण्याचा पेला मी पुन्हा त्यांच्याकडं सरकवला.

"मला एक दिवाळी पायजे. मरायच्या आधी एक."

हे खरंच होतं. गल्लीतल्या बाकी सगळ्यांची चांदणी म्हणजे हुकलेल्या दिवाळीच्या बदल्यातला दिवा. पुढच्या वर्षी ते आपापल्या दिवाळीकडं परत जायचे. अण्णा गेलेच नाहीत. दर दिवाळीला दुकान कंदिलांनी भरून जायचं, गिऱ्हाईक रांगेत असायचं, आणि रात्र पडली की ते स्वतःचं दार तेवढं अंधारात ठेवून आत जायचे. एकदा मी धीर करून बोलले. मी फटकळ आहे, लोकांना माहीत आहे. म्हणाले, "अण्णा, वर्ष कधीच झालं. कंदील लावा आता. काकूंसाठी लावा."

ते कामटी तासत होते. "तुमच्या कॅलेंडरात झालं असंल, अव्वा. माझं वर्ष भरलं न्हाई."

"मग कधी भरणार?"

"कंदील लावला म्हंजे ती गेली असं म्हटल्यासारखं व्हतंय." कामटी त्यांनी वाकवून बघितली. "चांदणी लावली म्हंजे यायची वाट ऱ्हाती."

पुढच्याच दिवाळीला काकूंनी त्यांच्या नकळत दुकानातला एक कंदील नेऊन दाराला अडकवला. अण्णा बाहेर आले, बघितलं, आणि तो उतरवला. फाडला नाही, आदळला नाही. घडी करून पुन्हा विक्रीच्या ढिगात ठेवला आणि तासाभरात कुणीतरी तो घेऊन गेलं. मी माडीवरून बघत होते. मला वाटतं, फाडला असता तर काकूंना कमी लागलं असतं.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. राख्या संपल्या होत्या, मखरांचं काम चालू होतं. पुठ्ठ्याचा महाल अर्धा जोडून झाला होता, त्यावर डोकं टेकून बसलेले सापडले. आधी वाटलं डुलकी लागली. त्यांच्या अंगठ्याचं नख घडीवर तसंच दाबलेलं होतं. काकू रडल्या, पण थोडं. बायका कुजबुजल्या. मला ते कुजबुजणं आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं.

दिवाळी आली. पहिली दिवाळी, म्हणजे घर अंधारात राहणार आणि डिसेंबरात चांदणी लागणार, हे सगळ्या गल्लीनं गृहीत धरलं होतं. माळ्यावर अण्णांनी उन्हाळ्यापासून करून ठेवलेले कंदील होते. आता त्यांची चांदणी कोण करणार, अशी बोलणी चालू झाली. बायका मला म्हणाल्या, "तुम्हीच करा की मॅडम, तुम्ही शिकलाव त्यांच्याकडं." मी कामट्या आणूनही ठेवल्या होत्या.

धनत्रयोदशीला शाळेतून आले तर गल्लीत तळणाचा वास. मी वास घेत चालले आणि अण्णांच्या दारात येऊन थांबले. वास तिथून येत होता.

अण्णांचे धाकटे भाऊ कळंबहून फराळाचा डबा घेऊन आले होते, रीतीप्रमाणं. डबा हातात तसाच, आणि ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. काकू कढईसमोर बसून चकल्या सोडत होत्या.

"वैनी, हे काय करायलाव? वर्ष तर जाऊ द्या."

"कुणाचं वर्ष, भावजी?"

"दादाचं."

"त्यांनी माझ्या किती दिवाळ्या घेतल्या, हिशेब हाय का तुमच्याकडं?" काकूंनी चकली उलटली. "मी त्यांची एक घेते. बसा. बुंदी आणलीय ती ठेवा तिथं, ती बी खाऊ."

"लोक काय म्हणतील!"

"लोकांला म्हणायला दिवाळीची सुट्टी हाय."

भावजी खुर्चीवर बसले. काकूंनी झारा ठेवला, पदराला हात पुसला आणि मला म्हणाल्या, "स्टूल धर गं जरा."

त्यांच्या हातात एक पिशवी होती. मला वाटलं माळ्यावरचा कंदील असेल. पिशवीतून निघाला हायवेवरच्या दुकानातला प्लॅस्टिकचा कंदील. घडीचा, लालहिरवा, आत लुकलुकणारी माळ. कुठल्या कारखान्यात झालेला कोण जाणे. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काकू, अण्णांचे एवढे कंदील वर पडलेत आणि हा?"

त्या स्टुलावर चढलेल्या होत्या. खाली न बघता म्हणाल्या, "त्यांच्या हातचा लावला तर तेच यायचे की त्याच्याबरूबर. अन् मागनं ती. मला एक दिवाळी पायजे, माझी एकटीची."

अडकवून झाला. बटण दाबलं. प्लॅस्टिकला कुठं भोकं असतात. आतला उजेड जाड, लाल होऊन बाहेर आला आणि उंबऱ्यावर पडला. गल्लीतली दारं एकेक करून उघडली. काकू खाली उतरल्या आणि तशाच घरात गेल्या. बाजूच्या खिडकीतली, वर्षानुवर्षं डागडुजी केलेली ती पिवळी चांदणी त्यांनी दोन्ही हातांनी उतरवली. हळूच, निजलेलं लेकरू उचलावं तशी. कपाटात ठेवली. मग खिडकीची कडी लावली.

"आता ह्या घरात कुणाला यायचं असंल तर दारानं यावं," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, की भावजींना, की आणखी कुणाला, ते कळलं नाही.

त्यांनी ताटलीत गरम चकल्या काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या. दुखवट्याच्या घरातलं तळण. माझ्या आईनं बघितलं असतं तर हात धरला असता. मी भावजींकडं बघितलं. ते बंद खिडकीकडं बघत होते.

"खा," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर खा."

मी चकली तोंडात घातली आणि मोडली. त्या शांत घरात तिचा आवाज इतका मोठा झाला की काकूंनी डोळे मिटून घेतले, आणि तो ऐकत त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.